डोळे मिटू नका

मननाला बसा. पाठ टेकायची असेल तर टेका, हात मांडीवर सैल सोडा. डोळे मात्र मिटू नका.

हे थोडे जड जाईल. संडे स्कूलमध्ये आपल्याला सगळ्यात आधी शिकवले ते हात जोडून डोळे मिटायला. पुढे आयुष्यभर कोणी नुसते ‘प्रार्थना करू या’ म्हटले, की पापण्या आपसूक खाली येतात. जग बाहेर ठेवून प्रभूपुढे एकटे उभे राहण्याची ती आपली जुनी वाट आहे, आणि चांगली वाट आहे. पण आज जिथे जायचे आहे तिथे ती पोहोचत नाही.

आज मनाने एका कर्णबधिर मंडळीत जाऊन बसायचे आहे. हे मनन कोणीही करावे. पण मुख्यतः ते पाळकांसाठी आणि फादरांसाठी आहे. वर्षभर बोलून ज्यांचे स्वतःचेच शब्द त्यांना आता पोकळ वाटू लागले आहेत, आणि चार दिवस कुठेतरी रिट्रीटला जावे, कोणाशी बोलू नये, असे ज्यांच्या मनात घोळते आहे, त्यांच्यासाठी. एकांत जरूर घ्या. त्याआधी इथे या.

खोली डोळ्यांपुढे आणा. खुर्च्या एकामागे एक नाहीत, अर्धगोलात आहेत. पुढच्याच्या पाठीकडे बघत इथे उपासना होत नाही. समोरची मोठी खिडकी सुंदर आहे, पण तिचा पडदा ओढलेला आहे. उजेड पाठीमागून आला, की सांगणाऱ्याचा चेहरा काळवंडतो आणि बोटे दिसत नाहीत. त्याच्या अंगात साधा, एकरंगी, गडद कपडा आहे, म्हणजे हात उठून दिसतील. मेणबत्त्यांच्या मंद प्रकाशातली भक्ती इथे कामाची नाही. इथे लख्ख उजेड लागतो. वेळ झाली, की कोणीतरी दिव्याचे बटण दोन-तीनदा चालू-बंद करते, आणि गप्पांत रंगलेले हात हळूहळू खाली येतात.

पाळक हातांनी प्रार्थना सुरू करतो. त्याचे डोळे उघडे आहेत. मंडळीचेही. तुम्ही मात्र सवयीने डोळे मिटता, आणि त्या क्षणी तुमच्यापुरती उपासना थांबते. बाकी सगळे पुढे गेलेले असतात. शेजारच्या बाई तुमच्या मनगटाला हलकेच हात लावतात आणि बोटाने समोर दाखवतात.

इथे थांबा. त्या स्पर्शापाशी जरा वेळ राहा.

रोज ज्याला लोक सांगतात, ‘पाळकसाहेब, आमच्यासाठी प्रार्थना करा’, त्याला आज दुसऱ्या कोणीतरी हाताला धरून प्रार्थनेत परत आणले. तुम्हाला हे बरे वाटले का? की कुठेतरी टोचले? जे वाटले असेल ते तसेच पाहा. त्याला लगेच धार्मिक शब्दांचे पांघरूण घालू नका.

बाहेरून येणाऱ्याची एक समजूत असते, की अशा मंडळीत गाढ शांतता नांदत असेल. तसे नसते. खुर्च्या सरकतात. लांबच्या माणसाचे लक्ष वेधायला कोणी जमिनीवर पाय आपटते, कारण ती थरथर त्याच्या तळव्यांना कळते. हसणे मोकळे, मोठे असते. प्रार्थनेत एखाद्याच्या घशातून स्वर निघतो, आणि तो आवरण्याची कोणाला गरज वाटत नाही. काही मंडळ्यांत मोठा ढोल वाजवतात. त्याचा ठेका छातीने आणि पायांनी घेतला जातो, आणि स्तोत्र हातांतून एका लयीत वर उठते. तेव्हा ‘शांततेतली उपासना’ असे गोड नाव मनात तयार ठेवून इथे येऊ नका. शांतता ही आपली, ऐकू येणाऱ्यांची भूक आहे. दिवसभर फोन, भोंगे, बैठका, तक्रारी कानांवर आदळतात, म्हणून आपल्याला ती हवीशी वाटते.

कर्णबधिर माणसाच्या वाट्याला ती फार वेगळ्या रूपात येते. रविवारचे जेवण आठवा. घरात दहा माणसे बसली आहेत. काकांनी काहीतरी सांगितले आणि सगळे खदखदून हसले. ऐकू न येणारी मुलगी आईच्या दंडाला हात लावून विचारते, काय झालं? आई म्हणते, ‘काही नाही गं, नंतर सांगते.’ ते नंतर बहुधा येत नाही. कर्णबधिर मुलांपैकी बहुतेक जण ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्माला येतात. म्हणजे हे जेवण एखाद्या दुर्दैवी घरातले नाही, ते घरोघरचे आहे. २०११च्या जनगणनेत भारतात सुमारे ५० लाख लोकांची ऐकण्याच्या अपंगत्वाखाली नोंद झाली. प्रेमाच्या माणसांनी भरलेल्या घरात यांतल्या कितींनी असा एकांत भोगला असेल? तो त्यांनी मागितलेला नव्हता, आणि चार दिवसांनी तो संपतही नाही.

आता तुमच्या स्वतःच्या मंडळीतला एक चेहरा आठवा. बहुधा तो असतोच. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसणारा मुलगा, किंवा साठीनंतर ऐकणे गेलेले आणि आता नुसतेच मान डोलावणारे आजोबा. तुम्ही उपदेश करताना ते तुमच्याकडे टक लावून पाहतात. तुम्ही टिपणे वाचायला मान खाली घालता, आणि तुमचे ओठही त्यांच्यापासून जातात. दीड तास ते तिथे असतात. मग आशीर्वचन होते. सगळे उठतात, म्हणून तेही उठतात.

त्या चेहऱ्याकडे पाहत राहा. कोणतेही वचन आठवू नका, कोणता संकल्पही करू नका. फक्त पाहा.

लूकच्या शुभवर्तमानात अगदी आरंभी एक याजक आहे, जखऱ्या. त्याच्या पाळीची सेवा आहे, धूप जाळायला तो आत पवित्रस्थानात गेला आहे, आणि बाहेर लोक वाट पाहत ताटकळले आहेत. तो बाहेर येतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते. ज्याने आता आशीर्वाद उच्चारायचा, तो दारात उभा राहून हातांनी खुणा करतो. पुढे त्याच्या बाळाचे नाव ठेवायच्या दिवशी लोकही त्याला खुणांनीच विचारतात. म्हणजे त्याला ऐकूही येत नसावे, असे पुष्कळ वाचकांना वाटत आले आहे. तो पाटी मागतो आणि लिहून उत्तर देतो.

ही गोष्ट जपून हातात घ्यायला हवी. जखऱ्याचे मुकेपण त्याच्या अविश्वासाबद्दल आले, असे लूक सांगतो. तेवढ्यावरून कर्णबधिर जन्माला आलेल्या मुलाच्या आईला ‘हे कशाची तरी शिक्षा असेल’ असे सांगणारे लोक मंडळ्यांत आजही सापडतात, आणि ते ऐकून घेतलेल्या आया मुलांना घेऊन चर्चमध्ये यायच्या बंद होतात. ते क्रूर आहे, आणि येशूने जन्मांध माणसाबद्दल शिष्यांना दिलेले उत्तर त्याच्या थेट विरुद्ध आहे. मला जखऱ्या हवा आहे तो दुसऱ्या कारणासाठी. वाचा गेल्यावर तो पळून घरी गेला नाही. त्याच्या सेवेचे दिवस पुरे होईपर्यंत तो मंदिरात राहिला. शब्द नसलेला याजक तिथे इतके दिवस काय करत असेल? इतरांनी म्हटलेल्या प्रार्थना तो पाहत असेल. ज्यांना तो एरवी शिकवायचा, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला समजून घ्यावे लागत असेल.

तुमची वाचा गेली तर तुमच्या सेवेतले काय उरेल? हा प्रश्न मनात सोडा आणि पाच-सहा श्वास घ्या. डोळे उघडे.

इथून थोडे लांब जायचे आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला, आणि काळातही दीडशे वर्षे मागे. हेन्री विंटर साइल नावाचा माणूस. १८४६मध्ये शांघायला जन्मला, वडील मिशनरी. सहाव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट तापात त्याचे ऐकणे गेले. तरी तो हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, केंब्रिजला गेला, आणि पुढे येलची पदवी घेतली. न्यू यॉर्कच्या कर्णबधिरांच्या शाळेत तो शिक्षक होता. तिथे त्याची गाठ थॉमस गॅलॉडेट या एपिस्कोपल पाळकाशी पडली.

या गॅलॉडेटला चांगले ऐकू येत होते, पण त्याची आई सोफिया कर्णबधिर होती. आईशी बोलायचे ते हातांनीच, हे तो पाळण्यापासून शिकला होता. १८५२मध्ये त्याने न्यू यॉर्कला कर्णबधिरांसाठी सेंट ॲन्स ही मंडळी उभी केली. एवढ्यावर तो थांबता, तरी त्याचे नाव राहिले असते. एक दयाळू पाळक, त्याच्याभोवती त्याचे कृतज्ञ कर्णबधिर लोक: असे चित्र आपल्याला फार आवडते, आणि पाळकांना तर विशेषच. गॅलॉडेटने त्या चित्रातून बाहेर पाऊल टाकले. त्याने साइलला सांगितले, तू स्वतः दीक्षा घे.

त्याला विरोध झाला. एक इंद्रिय ज्याचे अधू आहे, त्याला याजकपद कसे द्यायचे, असा आक्षेप होता. पेनसिल्व्हेनियाचे बिशप विल्यम बेकन स्टीव्हन्स यांनी तो मानला नाही. १८७६मध्ये साइल डीकन झाला आणि १८८३मध्ये प्रीस्ट. एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा मिळालेला तो पहिला कर्णबधिर. १८८८मध्ये त्याच्या खटपटीने फिलाडेल्फियात ऑल सोल्स हे चर्च कर्णबधिरांसाठीच उभे राहिले. १८९०च्या जानेवारीत, ४३व्या वर्षी, तो गेला. प्रीस्ट झाल्यावर पुरती सात वर्षेही त्याला मिळाली नाहीत. आज एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात २७ ऑगस्टला गॅलॉडेट आणि साइल यांचे स्मरण एकत्र होते.

त्या एकत्र आलेल्या दोन नावांपाशी बसू या. एकाने दुसऱ्याला वाट करून दिली. माझ्या मते पाळकाच्या कामातला हा सगळ्यात कठीण भाग आहे: ज्यांची सेवा करायची, त्यांच्यातल्याच कोणाला वेदीपाशी उभे करायचे आणि आपण खाली येऊन त्यांच्या हातून घ्यायचे. तुमच्या मंडळीत असा कोण आहे, ज्याची सेवा करण्याची तुम्हाला इतकी सवय झाली आहे, की त्याच्याकडून काही घ्यावे हे कधी सुचलेच नाही? नाव मनात आले की ते मनात धरून ठेवा.

चर्चचा हा इतिहास सगळाच असा उजळ नाही, आणि मनन करताना तेही पुढे घ्यायला हवे. अठराव्या शतकात पॅरिसला शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूने दोन कर्णबधिर बहिणींना शिकवायला घेतले, कारण देवाचे नाव न कळताच त्या मरतील ही कल्पना त्याला सहन होईना. त्यातून हातांच्या भाषेला मान देणारी शाळा उभी राहिली. पण १८८०मध्ये मिलानला जी आंतरराष्ट्रीय शिक्षकपरिषद भरली, तिने हातांची भाषा वर्गांतून हद्दपार करून तोंडी बोलण्याचाच आग्रह धरला, आणि तिचे अध्यक्ष जूलिओ तारा हेही धर्मगुरूच होते. पुढे कित्येक देशांत मुलांचे हात बांधले गेले, त्यांवर छड्या बसल्या. मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. तो व्हँकुव्हरच्या परिषदेत झाला.

ज्यांचे हात बांधले गेले, ती मुले त्याच हातांनी प्रार्थना करत असणार. याच्याकडे पाहताना नजर खाली जाते. जाऊ द्या, आणि मग पुन्हा वर आणा.

आता मार्कच्या सातव्या अध्यायाकडे वळू. सोर आणि सीदोनाहून येशू दकापलीसच्या मुलखात आला आहे. लोक एका माणसाला त्याच्याकडे आणतात. त्याला ऐकू येत नाही आणि बोलताना जीभ अडते. तो माणूस स्वतः काही मागत नाही; मागतात ते त्याला आणणारे. या गोष्टीचा उपयोग आपण कर्णबधिरांवर फार केला आहे. मोठमोठ्या सभांत त्यांना स्टेजवर उभे करून, कानांत ओरडून, मग ‘ऐकू आलं का’ असे विचारून. नाही आले, तर तुमचा विश्वास कमी. अनेक कर्णबधिर ख्रिस्ती आज म्हणतात, आमच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, आमची भाषा शिका. ज्या पाळकाने हे म्हणणे मनापासून ऐकले आहे, त्याची जीभ हा उतारा वाचताना एकदा तरी अडखळली पाहिजे.

म्हणून गोष्टीचा शेवट बाजूला ठेवा आणि मधल्या हालचाली पाहा. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. दोघेच. गर्दीला तमाशा मिळत नाही. मग तो बोटे त्याच्या कानांत घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. बोललेला शब्द येतो तो त्यानंतर. त्याआधीचे सगळे त्या माणसाला डोळ्यांनी आणि कातडीने कळण्यासारखे आहे. येशूने आधी त्याच्या भाषेत सांगितले, असे मी हे वाचतो. उसासासुद्धा: छाती वर येते, खांदे खाली जातात, समोरच्याला तो दिसतो.

तुम्ही त्या माणसाच्या जागी उभे राहा. गर्दी मागे राहिली आहे. समोर एक चेहरा तुमच्याइतक्या उंचीवर आला आहे. तो तुमच्याकडे पाहतो आहे आणि तुम्ही त्याच्याकडे. अजून काही बरे झालेले नाही, काही बोलले गेलेले नाही. एवढ्यावरच राहा. जितका वेळ राहवेल तितका.

आता परत त्या खोलीत या. प्रभुभोजनाची वेळ झाली आहे.

बोलणाऱ्या पाळकाला भाकर हातात घेऊन शब्द म्हणता येतात. कृती आणि शब्द एकदम चालतात. इथे तसे होत नाही. हात बोलत असतील, तर भाकर धरू शकत नाहीत. भाकर धरली, की बोलणे थांबते. म्हणून तो आधी हातांनी सांगतो, मग ताट उचलतो, मंडळीकडे पाहतो, भाकर मोडतो, खाली ठेवतो, आणि तेच हात पुन्हा बोलू लागतात. घाई करणे शक्यच नाही. प्याला हातात असलेल्याला ‘आमेन’ म्हणता येत नाही. आधी प्याला ठेवावा लागतो. आपल्याकडे प्रभूची प्रार्थना एकमेकांचे हात धरून म्हणण्याची सुंदर पद्धत आहे. इथे शेजाऱ्याचा हात धरला, तर दोघांचीही प्रार्थना बंद पडते. गुडघे टेकून, मान खाली घालून आशीर्वाद घ्यायचा म्हटला, तर तो दिसणारच नाही. म्हणून माणसे चेहरा वर करून आशीर्वाद घेतात. आपल्या उपासनेतल्या किती गोष्टी कानांच्या भरवशावर रचलेल्या आहेत, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

तुमचे दोन्ही हात समोर धरा. तळवे वर. या हातांनी तुम्ही किती जणांना भाकर दिली, किती बाळांच्या कपाळाला पाणी लावले, किती जणांवर माती टाकली. ते करताना तोंड सतत चालू होते. आज फक्त हातांकडे पाहा.

शेवटची जागा राहिली, आणि माझ्या मते रिट्रीटला निघालेल्या माणसासाठी तीच मुख्य आहे.

कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाची जागा ऐकू येणाऱ्यांसाठी रचलेली असते. मध्ये जाळी, पलीकडे फादर, कुजबुजता आवाज, चेहरा झाकलेला. कर्णबधिर माणसाला त्या जाळीचा काही उपयोग नाही. फादरांना हातांची भाषा येत नसेल, तर दोनच वाटा उरतात: पाप कागदावर लिहून द्यायचे, नाहीतर दुभाषी बोलावून तिसऱ्या माणसादेखत सांगायचे. ज्यांना पुरेसे लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी पहिली वाटही बंद. विचार करा, दर वेळी तिसरे कोणी समोर असते, तर तुम्ही काय काय सांगितले असते आणि काय गिळले असते.

मे २०२४मध्ये केरळात थ्रिशूरला होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ थेरमाडम यांना याजकदीक्षा मिळाली. भारतातले ते पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू. त्या दिवसापासून या देशातल्या कर्णबधिर माणसाला स्वतःसारख्याच एका फादरांपुढे बसून, स्वतःच्या भाषेत, मध्ये कोणी न घेता, आपले पाप सांगता येऊ लागले. हे हातांनी होते, आणि हात लांबूनही दिसतात, म्हणून त्यासाठी बंद खोली लागते. उजेड लागतो. आणि समोरासमोर बसावे लागते. सांगताना नजर चुकवली, तर समोरच्याचे उत्तर कळत नाही. तोंड झाकून, आवाज खाली नेऊन, अवघड वाक्य घाईने उरकण्याची सोय तिथे नाही.

पाळक सगळ्यांचे ऐकतो. पाळकाचे कोण ऐकते? प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो, आणि एकांतात चार दिवस डोळे मिटून बसल्याने तो सुटत नाही. तिथे सांगणारे आपण, ऐकणारेही आपणच, असे फार सहज होऊन बसते. तुम्ही ज्या थकव्यामुळे निघाला आहात, त्याच्या तळाशी काय आहे, हे एका माणसापुढे, उजेडात, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत तुम्हाला सांगता येईल का?

कोणाला, ते ठरवा. घाई करू नका. एखादे नाव येईल, ते नको वाटेल, आणि मग तेच परत येईल. ते आले, की रिट्रीटच्या तारखा ठरवण्याआधी त्यांना निरोप धाडा, आणि विचारा, मला तुमच्याकडे यायचे आहे, तासभर द्याल का.